गिलियम रोडची पाचवी सही

३ एप्रिल
यादीत आपला रस्ता आला! गिलियम रोड, सव्वा मैल, मातीचा होता तो डांबरी होणार. नोव्हेंबरात लोकांनी मत देऊन मंजूर केलेल्या ‘पेनी’तून — डॉलरमागे एक सेंट कर, सहा वर्षं. त्यातूनच नवी ॲम्ब्युलन्स आली, अग्निशमन केंद्राचं छप्पर बदललं. दुकानात पावती मिळाली की मी तो सेंट बोटानं शोधते. काउंटीच्या रस्ते विभागात लागून सातच महिने झालेत, आणि फाइलवर आमचंच आडनाव!

अट एकच. कडेच्या प्रत्येक मालकानं रस्त्यासाठी जमिनीची तीस फुटांची पट्टी फुकट लिहून द्यायची. महिनाअखेर एक जरी सही राहिली, तरी रस्ता बाद. मग पुढची सहा वर्षं धूळच.

६ एप्रिल
पाच घरांपैकी चार सह्या. शेजारच्या व्हर्लीन आँटीनं ऑक्सिजनची नळी सावरत सही केली. जानेवारीत तिला न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स चिखलात तासभर रुतली होती. शेवटी बाबांनी ट्रॅक्टर लावून ओढली. आँटी म्हणाली, “बापाला सांग, पुढच्या वेळी मला ट्रॅक्टरवरच घाल.”

पाचवं घर आमचं.

७ एप्रिल
चर्चहून आल्यावर कागद टेबलावर ठेवला. बाबांनी त्यावर कॉर्नब्रेडची ताटली ठेवली.

९ एप्रिल
आज सारखं जुनं आठवतंय. पाऊस उघडला की बाबा रस्ता ओढायचे — रेल्वेच्या रुळाचा तुकडा साखळीनं ट्रॅक्टरमागे बांधून. रूळ हलका पडायचा, म्हणून त्यावर फळी टाकून मला आणि भावाला बसवायचे. वजन म्हणून! लाल माती दातांत, कानांत. आई पोर्चवरून म्हणायची, “अहो, पोरं आहेत ती, खताची पोती नाहीत.” मागे वळून बघावं तर रस्ता इस्त्री केल्यासारखा, आणि त्यावर आमच्या लोंबत्या टाचांच्या चार रेघा.

आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात धो धो पाऊस झाला होता. अंत्ययात्रेच्या सकाळी बाबांनी रस्ता तीनदा ओढला. तिला धक्का लागू नये म्हणून.

डांबर आलं की ओढायला काय उरेल त्यांना? कळतं मला. पण आँटीचा श्वास आमच्या आठवणींपेक्षा मोठा आहे.

१५ एप्रिल
शेवटी विचारलंच — रस्त्याची माया सुटत नाही का?

“माया नाही, पोरी. कागदाची भीती.”

मी म्हटलं, आता कागद आपल्या बाजूनं असतो.

“तुझ्या असेल. तू त्यांच्यात बसतेस.”

बाबा जेवले नाहीत.

१८ एप्रिल
जमिनीच्या नोंदी काढून बघितल्या. मालक म्हणून अजून पणजोबाच — एझरा गिलियम, १९५१ साली वारले! मृत्युपत्र नाही. वकिलाच्या दारात गेलं की जमीन जाते, असं आजोबा म्हणायचे. म्हणून तीन पिढ्या कुणी कागद केलाच नाही. बाबांची एकट्याची सही चालणारच नाही. सगळ्या वारसांची हवी. एकोणीस जण, बहुतेक उत्तरेत.

म्हणजे अडचण एवढीच! एकोणीस पत्रं लिहिली, त्यांचा हक्क नीट समजावून. बाबांना सांगितलं नाही. सह्या आल्या की एकदम पुढ्यात ठेवीन.

२६ एप्रिल
अकरा आल्या! शिकागोच्या म्हाताऱ्या आत्येनं सहीखाली लिहिलंय: “या रस्त्यानं मी अनवाणी शाळेत गेले. माती उन्हात भाजायची, तेव्हा गवतावरून पळायचो. अजून स्वप्नात पळते.” तीनदा वाचलं.

२९ एप्रिल
डेट्रॉइटहून ऑफिसात फोन. बाबांच्या चुलतभावाचा मुलगा. आवाज कधी ऐकलेला नव्हता. फार गोड बोलला. ही जमीन त्याचीही आहे, हे त्याला माझ्याच पत्रातून कळलं म्हणे. पत्र त्यानं वकिलाला दाखवलं. एका वारसानं आपला वाटा मागितला तरी कोर्ट सगळी जमीन विकायला लावू शकतं. तसा अर्ज कुठे द्यायचा, एवढंच हवं होतं त्याला.

विचारलं, म्हणून सांगितलं. आमच्याच इमारतीत, दुसरा मजला.