आईच्या डाळिंबावरचा तेल्या

कळंब, सोमवार, सकाळी पावणेसात

प्रिय आई,

आत्ता तुझ्या डाळिंबाचं एक पान पुन्हा उजेडाकडे धरून पाहिलं. ते चुलीत टाकलं, साबणाने दोनदा हात धुतले आणि लिहायला बसलो. दुसऱ्या कुणाला सांगू? नानाकाका ओरडतात, आप्पा रडतात.

आई, तुझ्या झाडाला तेल्या आलाय. पानांवर तेल सांडल्यासारखे ठिपके, भोवती पिवळी कड. नानांच्या बागेत फवारणीला जातो, त्यामुळे तो डाग ओळखायला मला वेळ लागला नाही.

तू तरी काय मागून गेलीस! “मला घोड नदीत सोडू नका. रक्षा दारात पुरा, वर फुलांचं डाळिंब लावा.” जुन्नरच्या बाजारात कुणाच्या तरी दारात तसली भरगच्च लाल फुलं पाहिलीस आणि भुललीस. फळ एवढंसं, तेही आंबट! आंबा का नाही गं मागितलास? आंब्यावरून नानांच्या बागेत तेल्या गेला नसता.

बांधापलीकडेच त्यांची डाळिंबं आहेत. फळं लिंबाएवढी झालीत. घरातल्या सगळ्यांचं वर्ष त्यांच्यावर आहे. आणि मी परवा तुझ्या झाडाची फुलं तोडून त्याच सदऱ्याने बागेत गेलो होतो! माझ्या बाहीवरून रोग गेला असेल तर? तेव्हापासून तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

काल डाग दिसल्याबरोबर मी नानांना निरोप धाडला, तसे ते आले. जवळ आलेच नाहीत, बांधावरूनच ओरडले, “उपटून टाक लेका! शोभेचं झाड ते. त्याच्यापायी माझी बाग घालवतो का?”

आप्पा ओट्यावरून उठले. “शोभेचं? तुझी वहिनी हाय ती.”

“वहिनी आसती तर तिनंच मला कुऱ्हाड आणून दिली आसती. लई शहाणी व्हती ती. तुझ्यावानी न्हाई.”

आप्पा पुन्हा ओट्यावर टेकले. नानाही जरा ओशाळले. जाताना मला म्हणाले, “नवी पालवी फुटस्तवर थांबतो. वहिनीसाठी. पन पालवीवर डाग दिसला तर मीच येनार.”

आज सकाळी आप्पांनी आंघोळ केली आणि नेहमीसारखं तांब्याभर पाणी झाडाच्या शेंड्यावरून ओतलं. जणू तुलाच न्हाऊ घालतात. रोज पाहतो मी, पण आज थेंब एका पानावरून दुसऱ्यावर उडताना दिसले. रोग असाच पसरतो, आई! हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

शेवटी सांगितलं. “आप्पा, पाणी बुडाशी घाला. पानं कोरडी राहू द्या.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. “म्हंजी इतके दिस मी तिला इख घालत व्हतो व्हय रं?”

त्यांनी पुन्हा तांब्या भरून आणला आणि खाली वाकून मुळाशी ओतला. पाणी जिरेपर्यंत तसेच बसून राहिले.

आज पाऊस उघडलाय. रोगट फांद्या डागाच्या बऱ्याच खाली कापीन, प्रत्येक कापाआधी कात्री स्पिरिटने पुसीन. गळलेली पानं वेचून जाळीन. फवारायला मोरचूद आणि चुना कालवून ठेवलाय. त्यात विळा बुडवला तर पातं तांबूस झालं, म्हणजे चुना कमी. आणखी घातला, पातं घासून पुन्हा बुडवला; आता स्वच्छ निघालं. घाबरलो की माझ्या हातून चुका होतात, म्हणून तिसऱ्यांदाही बुडवला.

आई, नानांना कुऱ्हाड आणावी लागणार नाही. पालवीवर एक जरी ठिपका दिसला, तरी मी तो लपवणार नाही. आधी आप्पांना सांगीन, मग मीच झाड मुळासकट काढून जाळीन. तिथली माती मात्र कुणाला दुसरीकडे नेऊ देणार नाही. तू पानांत नाहीस, त्या मातीत आहेस, असं आप्पांना समजावीन.

मला स्वतःला अजून ते पटलेलं नाही.

तुझा,
संतोष