तुझं प्रवाळ उमललं

प्रिय शोभा,

तुझं प्रवाळ आज सकाळी उमललं! कुणाला सांगू? शेजारी म्हणतील, बायको गेली आणि हा काचेच्या टाकीशी बोलत बसतो. म्हणून तुलाच लिहितोय.

तू गेलीस त्या दिवशी रोहिणखेडहून माझी आत्या आली. तुझ्या समुद्री माशांच्या टाकीतला निळा उजेड बघून म्हणाली, "घरात माणूस गेलं अन् हा झगमगाट काऊन?" आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दिव्याबरोबर पाणी फिरवणारा पंपही थांबला. तिला बिचारीला काय ठाऊक! तुझ्या जागेवर पिठावर ठेवलेली पणती विझू नये म्हणून ती रात्रभर जागी होती.

दुसऱ्या दिवशी माझं लक्ष गेलं, तोवर मासे मेले होते. अळंबीसारखं दिसणारं तुझं ते लाडकं मऊ प्रवाळ एका कडेनं काळं पडून सडत होतं. आणि तू मला इतक्या वर्षांत शिकवलंस काय? "हात लावू नका!" एवढंच ना?

शेवटी, तू ते जिथून आणलंस त्या पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. त्यानं सांगितलं तसं नव्या पात्यानं काळा भाग कापला, उरलेलं आयोडीनच्या पाण्यात बुडवलं, पंप मंद ठेवला, उजेड कमी केला. संत्र्याच्या झाडाची सडलेली साल आजवर बेधडक खरवडली. इथे मात्र पातं दोनदा मागे घेतलं. जेमतेम अर्धं उरलं. तेही गेलं असतं तर?

आत्या घरी जायला तयार होईना. "माह्या हातानं झालं रे वसंता. तिचं झाड जगलं तं जाईन," म्हणायची आणि भाकरी अर्धी टाकायची. रागावू तरी कुणावर?

हळूहळू कापलेली कड मिटली, तिच्यावर फिकट नवी कातडी धरली. आज त्या कातडीवर बारीक बारीक तोंडं उघडली आणि पाण्यात डोलू लागली. आत्याच ओरडली, "वसंता, पाह्य! उमललं!" मग आम्ही दोघं रडलो. तिनं दोन भाकरी खाल्ल्या. किती हलकं वाटलं, शोभे!

निघताना तिनं टाकीला हात जोडले. "तिचा दिवा हाच हाय. इझू देऊ नको."

नाही विझू देणार. माझे दिवस घालतील तेव्हाही त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, असं आपल्या लेकीला आजच सांगून ठेवतो.

तुझ्या प्रवाळाला मात्र मी हात लावलाच आहे, रागावू नकोस.

तुझा,
वसंत