ज्याला नाव नाही त्याची खुर्ची

३ नोव्हेंबर
या रोजनिशीत मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: ख्रिस्ती धर्मग्रंथात सैतानाला विशेषनाम नाही, सबब त्याच्या नावाची भीती निराधार आहे. बायबलच्या कोशासाठी हीच नोंद लिहायला मी या घरी भाडेकरू म्हणून आलो. घर प्रसन्न आहे. मालकीणबाई, त्यांचा मुलगा आणि सून तिघेही मला आल्या आल्या नावापुढे ‘सर’ लावून हाक मारू लागले. जेवणघरात खिडकीशी एक वेगळी खुर्ची आहे. बाईंच्या दिवंगत यजमानांचा दंडक असा, की घरातल्या कुणाविरुद्ध तक्रार असेल त्याने तीत बसूनच ती सांगावी. त्यामुळे वर्षानुवर्षे तीत कुणी बसलेले नाही. उजेड उत्तम, मी ती लिहिण्यासाठी बाईंकडे मागितली; त्यांनी लगेच दिली. सुनेने हसून बजावले, की बसा सर, पण आमच्या चहाड्या करायच्या नाहीत हं.

५ नोव्हेंबर
काम वेगात आहे. ‘ल्युसिफर’ हे सैतानाचे नाव, हा समज यशया या संदेष्ट्याच्या एका वचनावरून रूढ झाला. तिथे बाबेलच्या राजाला पहाटेचा तारा म्हणून हिणवले आहे; त्या ताऱ्याचा लॅटिन शब्द पुढे सैतानाचे नाव होऊन बसला. एदेनमधल्या सापालाही उत्पत्तीच्या पुस्तकात सैतान म्हटलेले नाही. ईयोबाच्या पुस्तकात तर सैतान हे देवाच्या दरबारातले पद आहे: आरोप करणारा. जेवताना हे सांगितले. मुलगा म्हणाला, की म्हणजे सरकारी वकीलच की! बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, की पद असेल तर ते रिकामं कसं राहील? प्रश्न विषयाला सोडून होता.

८ नोव्हेंबर
या खुर्चीतून बरेच दिसते. सून दुपारी मागच्या दाराने जाते आणि चपला हातात घेऊन परतते. जेवताना मी तसे सांगितले. विधान खरे होते.

११ नोव्हेंबर
ती आजारी वडिलांकडे जात होती. बाईंनी त्यांच्याशी संबंध तोडले आहेत. तिने मला विचारले, की सर, यातून तुम्हाला काय मिळालं? मी गप्प राहायचे ठरवले होते. तरी बोललो: लपवलेस हे खरेच ना? आवाज माझाच होता.

बाईंनी ही खुर्ची मला इतक्या सहज का दिली?

१२ नोव्हेंबर
आज जेवताना मुद्दाम खिडकीपासून लांबच्या दुसऱ्या खुर्चीत बसलो. बोलू लागलो तेव्हा खिडकी माझ्या शेजारी होती.

१३ नोव्हेंबर
सून बॅग घेऊन गेली. मुलगा मागे धावला असता, पण मी त्याच्यापुढे तिचे आणखी एक खोटे उघड केले. तेही खरे निघाले — ते मला कुणी सांगितले?

आता मला कुणी ‘सर’ म्हणत नाही. मलाही ते आठवेना, म्हणून बाईंना माझे नाव विचारले. त्या म्हणाल्या, की काम चाललंय ना तुमचं? मग नाव कशाला हवं?

१४ नोव्हेंबर
सून फाटकाशी परत आली आहे. मुलगा उठतो आहे. त्याला जागीच खिळवील असे एक खरे वाक्य माझ्या जिभेवर — ते सुटण्याआधी हे लिहितो.

एक चूक मान्य करतो. नाव नाही, हे मी सिद्ध केले. म्हणून भय नाही, हे त्यातून निघत नव्हते. पदाला नाव लागत नाही. माणूस लागतो.

हे कबूल करून खाली सही करणारा, मी —