भेव वाटलं का दोरी ओढजो

८ जाने., बुधवार
गोळी घेतली. भीतीची, डॉ. मॅडमनी दिलेली. नाश्त्यानंतर, पाण्यासोबत. छाती धडधडली नाही. डोंग्यात बसलो, तलावाच्या मध्यापर्यंत गेलो, परत आलो. मागच्या वर्षी काठावरूनच घरी पळून यायचो.
माय शेजारणीला सांगत होती, "आता चांगला झाला व आमचा मनोज. देवानं पाह्यलं." खरे आहे. झोप लागते. जेवण जाते. तक्रार लिहायला काही नाही.
तरी लिहून ठेवतो. परवा आमची म्हातारी कुत्री मेली. माझ्याच पायाशी झोपायची. खड्डा मी खोदला. चारही बाजू सरळ आल्या. तेवढेच आठवते.

१२ जाने., रविवार
दिघोरीला मुलगी पाहायला गेलो. माय, बाबा आणि नत्थूकाका. (काका बाबांचे चुलत भाऊ. तलावावर आमची मासेमारीची टोळी तेच चालवतात.) मुलीचे नाव प्रणाली. बारावी झाली आहे, शिवणकाम करते.
पोहे आले. पूर्वीचा मी असतो तर बशी हातात धरवली नसती. आज नीट खाल्ले. तिचे मामा म्हणाले, "पोरगा लय शांत हाय गा." बाबा खूश.
मीही नीट पाहिले. हिरवी ओढणी. बोटांवर सुईचे बारीक डाग. आवाज मोकळा. सगळे लिहून काढता येईल. पण आवडली का, ते स्वतःमध्ये नेमके कुठे पाहायचे हे समजले नाही.
परसात दोघांना बोलायला पाठवले. तीच म्हणाली, "तुमी कोनासंग बोलत नाही का?"
"बोलतो."
"मंग बोला ना. मी काय मास्तरीन हाय, हजेरी घ्याले?"
ती हसली. इथे हसायचे असते हे मला कळले. हसलो. जरा उशिरा.
निघताना माय कानाशी, "गोळीचं काही काढू नको." काढले नाही.

१५ जाने., बुधवार
गो. घेतली. माय सकाळपासून मागे. पसंत हाय का?
म्हटले, घर चांगलं हाय.
"मी घराचं नाही पुसून राहिली. पोरीचं पुसून राहिली."
"तू म्हनशीन तसं."
बाबांनी एवढ्यावरच होकार धरला. दिघोरीला फोन झाला. साक्षगंध (साखरपुडा) २ फेब्रु.ला. मायने देवासमोर साखर ठेवली. मला दिली. गोड होती.

१९ जाने., रविवार
प्रणालीचे फोन येतात. आज मशीनचा पट्टा तुटला, त्याची गोष्ट. गिऱ्हाईक बाई दारात आणि ब्लाउजला एकच बाही. चांगली सांगते. मी हो, बरं, मग, असे म्हणत होतो.
"मी तुमच्यासंग बोलून राहिली का कस्टमर केअरसंग?"
माफी मागितली. तर म्हणे, "पाहा, ते पन असेच म्हनतात."
फोन ठेवल्यावर छातीवर हात ठेवून बसलो. पूर्वी निदान धडधड तरी असायची.
मुलगी चांगली आहे. हे मला माहीत आहे, जसे साकोलीची बस कुठे थांबते हे माहीत असते.

२३ जाने., गुरुवार
घोंगडी पांघरून बसलो आहे. जमेल तसे लिहितो.
आज मोठे जाळे टाकले होते. खाली खुंटात अडकले. तलावाच्या पोटात जुन्या झाडांचे खुंट आहेत, दर वर्षी कुठेतरी अडकतेच. मग एकाने कमरेला दोरी बांधून खाली जायचे, जाळे सोडवायचे. वर डोंग्यात नत्थूकाका दोरी धरून बसतात. त्यांचा नियम सगळ्यांना पाठ आहे. "दम पाहू नको, भेव पाह्य. भेव वाटलं का दोरी ओढजो." दम माणसाला फसवतो, भेव फसवत नाही, असे ते म्हणतात. पूर्वी मला कधी उतरवलेच नाही. यंदा मीच उतरतो.
पाणी गढूळ. हाताने चाचपत एक फास सोडवला. दुसरा सुटेना. कान दुखले. छाती आवळली. सगळे कळत होते, पण दुसऱ्या कोणाची खबर यावी तसे. भेव काही आले नाही. आले की ओढू, म्हणून फास सोडवत राहिलो.
पुढचे थेट डोंग्यातले आठवते. काकांनी स्वतःहून ओढून काढले होते. पाणी ओकलो. काकांनी कानाखाली दिली.
"काहून नाही ओढली बे?"
"भेव नाही वाटलं, काका."
बाकीचे हसले. कोणी म्हणाले, "वाघ हाय, वाघ! साक्षगंधाचा जोर चढला." काका हसले नाहीत.
नंतर पाळीवर, तलावाच्या बांधावर, मला एकट्याला बसवले. "खरं सांग. काय खाऊन राहिला तू?"
गोळीचे सांगितले. त्यांनी काढलेली बिडी न पेटवताच कानावर ठेवली. मग म्हणाले, "आता तुले दोरी नाही बांधनार."
"काहून?"
"तू माह्या भरोशावर खाली जातं. अन् मी तुह्या भेवाच्या भरोशावर वर बसतो. तेच नाही, त मी कोनाची दोरी धरू?"

२५ जाने., शनिवार
गो. घेतली नाही. कालही नाही. डोक्यात मुंग्या येतात, मान वळवली की वीज लागल्यासारखे. मायवर ओरडलो, भातात खडा लागला म्हणून. खडा नव्हता.
राग आला, म्हणजे काहीतरी आले. असे वाटून बरे वाटायला हवे होते. नुसती चक्कर.

२८ जाने., मंगळवार
भंडाऱ्याला दवाखान्यात. डॉ. मॅडमना सगळे सांगितले. मनाने गोळी बंद केली म्हणून आधी रागावल्या. मग म्हणाल्या, "काही वाटत नाही, हे आधी का नाही सांगितलं?"
म्हटले, तुम्ही दर वेळी विचारता, भीती कमी आहे का. कमीच होती.
त्यांनी लिहिणे थांबवले. काही जणांना असे होते म्हणाल्या. डोस कमी केला. हळूहळूच, आणि त्यांना विचारूनच. भीती परत येऊ शकते. आली तर लगेच कळवायचे. पाण्यात उतरायचे नाही.
विचारले, "मॅडम, आवडायला कधीपासून लागेल?"
"काय आवडायला?"
सांगावे की नाही असे झाले. सांगितले. प्रणालीचे, साक्षगंधाचे.
"त्याची तारीख मी नाही देऊ शकत," म्हणाल्या. हळू म्हणाल्या.

३० जाने., गुरुवार
गो. घेतली, कमीची. घरात म्हणालो, साक्षगंध पुढे ढकला.
बाबा: "कायले? मी तुह्या मायले मांडवातच पाह्यलं. आमाले कोनतं काय समजलं होतं?"
माय: "पोरीच्या बापाले काय सांगू? पोराले पसंत हाय का नाही, ते पोरालेच मालूम नाही?"
"हेच सांग."
माय रडली. मी जवळ बसलो, पाठीवर हात ठेवला. ठेवायचा असतो म्हणून. तिला ते कळले असावे. तिने हात बाजूला केला नाही, पण रडणे थांबवून माझ्याकडे पाहिले. मग उठून चुलीकडे गेली.
कोणी दिघोरीला फोन केला नाही.

१ फेब्रु., शनिवार
मीच केला, प्रणालीला. गोळी, कुत्री, तलाव, सगळे.  फोन कटला की काय म्हणून हॅलो म्हटले.
"आयकून राहिली."
मग म्हणाली, "म्हनजे तुमाले माहा राग पन नाही येनार?"
"सध्या तरी नाही."
"मंग त बरंच हाय." हसली. पण पुरते हसली नाही. "खरं सांगा. मी नापसंत हाव म्हनून त बहाना नाही?"
"नाही. नापसंत असती तरी मले समजलं नसतं."
 मागे भांड्यांचा आवाज. तिच्याकडे उद्याची तयारी चालली होती.
"मले विचार करू द्या. सकाळी तुमी निघ्याच्या आधी फोन करीन. नाही केला त येऊ नका. घरच्यायले मी पाहून घेईन."

२ फेब्रु., रविवार
गो. घेतली. नवा शर्ट घातला. मायने फळांची पिशवी, साडीचे ताट गाडीत ठेवले. नत्थूकाका आले आहेत, त्यांना सगळे माहीत आहे. बाबांना रात्रीच सांगितले. ते म्हणाले, फोनबिन काही नाही, शब्द दिला आहे, जायचे.
फोन आला नाही.
फोन हातातून खाली ठेववत नाही. मघापासून. कळवा म्हणाल्या होत्या मॅडम. पण काय आले म्हणून कळवू? जुना आजार असेल. नसेलही. याचे नाव मला येत नाही, आणि चुकीचे लिहायचे नाही.
बाबा गाडीत बसले. हॉर्न वाजवत आहेत. माय दारातून म्हणते, "चल ना बाबू, उशीर होऊन राहिला."
म्हटले, थांब. फोन येऊ दे