पाय घरी विसरलास का?

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

अकरा जण आले! मी सहा धरले होते. चहा कमी पडला.

सगळा दोष टीव्हीचा. जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप दाखवला आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत गल्लीगल्लीत बालसंघ उगवले. प्रत्येक संघात चौदा पोरं, आणि चौदाही जणांना दहा नंबरचाच शर्ट हवा. संघांबरोबर कोचही उगवले. ज्याच्याकडे शिट्टी, तो कोच! जानेवारीच्या शेवटी इथल्या फुटबॉल मंडळाची स्पर्धा आहे. मंडळाने ठरवलं की ज्या कोचकडे माझ्या सहीचं कार्ड, त्याचाच संघ खेळणार. पाच रविवार, आमच्या शाळेचं मैदान, शिकवणार मी.

कार्डावर वयोगट लिहायचा ही अट माझी. आठपर्यंत, नऊ ते बारा, तेरापासून वर. सात वर्षांच्या पोराला चौदाच्या पोरासारखं शिकवणं म्हणजे पहिलीच्या वर्गात बीजगणित.

पहिलं वाक्य बोलले – "आठपर्यंत एक मूल, एक बॉल. रांग नाही, राउंड नाहीत, शिट्टी नाही." गलका झाला! श्यामसुंदर साटम म्हणून एक आहे, भांडुपचा. रिक्षाचे मीटर दुरुस्त करतो. झुपकेदार मिशी, आणि अकरा जणांत खरे फुटबॉलचे बूट फक्त याच्या पायात. म्हणाला, "बाई, रांग नाय तर शिस्त कशी लागणार?" दत्ताराम – गिरणी सुटल्यापासून इथे कारखान्यावर वॉचमन – "बाईनू, चवदा पोरांका चवदा बॉल? माका कोण देतलो?"

मागून एक बारीक आवाज – "मोज्यात चिंध्या भरायच्या. आमच्याकडे तसेच आहेत." ही नंदा. घाटकोपरच्या वस्तीत बालवाडी चालवते. त्यांचा कोच ऐन वेळी गावाला गेला, म्हणून कमिटीने हिला धाडलं. "मी बॉलला कधी पाय लावला नाही. चालेल ना, बाई?"

चालेल म्हटलं. मला तरी शिकवायचा अधिकार कुणी दिला? बी.ए. आहे, कांदिवलीच्या कॉलेजचं ट्रेनिंग आहे, वीस वर्षं पी.टी. घेतेय. पण शिकवताना मी कशी दिसते, ते मी कधी पाहिलंय?

सोमवार, १० नोव्हेंबर

घसा बसलाय. शिट्टी नको असं सांगायला काल किती ओरडावं लागलं!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मोठ्या बॉलचं काम झालं. हिशोब असा – सहा वर्षांच्या पोराला पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांचा बॉल कसा वाटतो, ते मोठ्या माणसाला कळायचं असेल तर बॉल दीडपट मोठा आणि तिप्पट जड हवा. शाळेतला फाटका मेडिसिन बॉल घरी आणला. आतला भुसा काढ, कापूस भर, पुन्हा शिव. वजन सव्वा किलो यायला हवं. शेवटी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेला. यांनी पिशवी धरली होती. वाणी बॉलकडे बघतोय, हे माझ्याकडे. "अगं, बायका सव्वा किलो भोपळा घेऊन येतात." मी म्हटलं, भोपळाच समजा. वाण्याने तराजूत घातला आणि विचारलं, "बी काढलंय का?" परत येताना दोघं इतके हसलो की पिशवी रस्त्यात टेकवावी लागली.

गोल त्याच मापाने बारा फूट उंच हवा. मांडववाल्याने बांबू द्यायचं कबूल केलंय. कसलं लग्न आहे, असं विचारत होता.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज मजा आली. आणि शेवटी नाही आली.

आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. पोरांना ओरडताना तुम्ही जे बोलता ते लिहा, नाव घालू नका. मग त्या मोठ्या बॉलने सामना. दत्ताराम गोलमध्ये. बारा फूट उंचीच्या बांबूखाली उभा राहून वर पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो गोल आसा की देवळाचो कळस?" पहिला बॉल त्याच्या डोक्यावरून हातभर गेला, दुसराही. तिसऱ्याला त्याने उडी मारायचं सोडून नमस्कार केला. साटमने किक मारली आणि अंगठा धरून खाली बसला. दहा मिनिटांत सगळे धापा टाकायला लागले.

आणि मी कडेला उभी राहून त्यांच्याच चिठ्ठ्या त्यांच्यावर ओरडत होते. "झोपलास काय रे, गाढवा!" "बापाचं खाऊन पळत नाय!" "तुला घेतला हीच चूक!" पाच मिनिटं हसले. मग हळूहळू एकेकाचं हसू बंद झालं. कोणीतरी म्हणालं, "बाई, बस ना आता."

शेवटची चिठ्ठी उघडली.

"पाय घरी विसरलास का? जा, घेऊन ये!"

ओरडलेच नाही. हे वाक्य माझं आहे. माझ्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, त्यांच्याकडून मी घेतलेलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ते कधी ऐकलेलं नाही. मग इथे कसं आलं?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हजेरीतल्या सह्या आणि चिठ्ठी जुळवून पाहिली. नाव घालू नका म्हणून सांगायचं आणि मग अक्षर तपासायचं! शोभत नाही. तरी पाहिलं. श्यामसुंदर साटम.

रविवार, २३ नोव्हेंबर

विचारून टाकलं. चहाच्या वेळी, बाजूला घेऊन. साटमचा चेहरा फुलला.

"बाई, तुमचंच की ते! घाटकोपरच्या शाळेत नव्हतात तुम्ही? एकोणसत्तर साली. मी पाचवीत. मला वाटलं, तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत! माझं सगळं कोचिंग तुमचंच आहे. रांग तुमची, दहा राउंड तुमचे, शिट्टी पण तसलीच शोधून आणली मी."

बाकीच्यांना हाक मारून सांगितलं त्याने – "मी बाईंचा जुना प्लेअर!"

मी म्हटलं, आठवतंय ना. खोटं! काही म्हणजे काही आठवलं नाही. तेव्हा मी पोरांना आडनावानेच हाक मारायची. हजेरीत होतं तेच तोंडात. आता खोटं बोलून बसल्यावर पुढे काही विचारताही येईना.

तीन रविवार ज्याच्या चुका मी वहीत उतरवतेय, त्या सगळ्या माझ्या. रांग, राउंड, शिट्टी. वर्गात सर्वांत वाईट कोच कोण, तर माझा सर्वांत इमानी विद्यार्थी!

मंगळवार, २५ नोव्हेंबर

माळ्यावरून जुन्या रोजनिश्या काढल्या. हे शिडी धरून उभे. "काय हरवलंय?" एकोणसत्तरची सापडली. अक्षर किती ठसठशीत होतं माझं!

"५ ऑगस्ट. प्रॅक्टिस. देवनारकडून घारी आल्या होत्या. साटम बॉल सोडून घार बघत उभा. म्हटलं, पाय घरी विसरलास का? जा, घेऊन ये! सगळे हसले. तो खरंच गेला. परत आला नाही. बरं झालं, बाकीच्यांना वचक बसेल."

बरं झालं. मी लिहिलंय हे. सत्तावीस वर्षांची होते, म्हणजे लहान नव्हते.

आणि तो सतरा वर्षांनी येतो, तेच वाक्य जपून आणतो, आणि वर अभिमानाने सांगतो – तुमचाच प्लेअर!

बुधवार, २६ नोव्हेंबर

त्या ऑगस्टचं पुढचं प्रत्येक पान वाचलं. साटमचं नाव पुन्हा नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

मी बिघडले आहे. साटमने आज सरावाला आणलेल्या पोरांना पुन्हा रांगेत उभं केलं आणि माझी पेन्सिल हललीच नाही. "हळूहळू जमेल हं," म्हटलं – किती गोड! दत्तारामने बरोबर पकडलं. "माका वराडलात, तेका नाय!" मी म्हटलं, असं काही नाही. आज दुसरं खोटं.

कार्ड देऊन टाकायचं, असं मनात येतंय. त्याचा भांडुपचा संघ सगळा सात-आठ वर्षांच्या पोरांचा. कार्ड नाही तर चौदा पोरं घरी. मी आधीच एकाला घरी पाठवलंय, आता त्याच्याच चौदांना पाठवू? पण मग त्या चौदांवर तेच वाक्य रोज ओरडलं जाणार, आणि खाली सही माझी.

कार्डासाठीची परीक्षा शनिवारी, सहा तारखेला ठेवली होती. नंदा म्हणाली, "बाई, सहा डिसेंबरला मी दादरला. चैत्यभूमीवर. घरचे सगळेच." अंबादास – घाटकोपरच्या पोस्टातला – तोही म्हणाला, "मी पण." शरम वाटली. दर वर्षीचा दिवस, आणि तारीख ठरवताना मला सुचलाच नाही. रविवार सात केली. नंदा म्हणाली, "पण बाई, रात्रभर रांगेत उभी असेन. रविवारी मी झोपेत शिकवणार बरं का!"

रविवार, ७ डिसेंबर

परीक्षा. प्रत्येकाला वीस मिनिटं. चौदा छोटी पोरं साटमच्या गल्लीतली, थोडी मोठी आमच्या शाळेतली.

नंदाचे डोळे सुजलेले, पाय दुखतायत, पण काय शिकवलं! पोरांना सांगितलं, बॉल म्हणजे झोपलेला उंदीर. त्याला न उठवता पायाने हळूच घरी न्यायचं. मी मांजर. आणि हात पसरून अशी दबकत निघाली की चौदा उंदीर किंचाळत सुटले. एकाही पोराचा बॉल पायापासून दोन हात लांब गेला नाही. बॉल ताब्यात ठेवणं शिकवायला मी तीन महिने घ्यायची! शेवटी नंदाने साटमलाच विचारलं, "दादा, ते ऑफसाइड म्हणजे काय असतं हो?"

दत्ताराम मधल्या वयात शोभला. दहा-अकराची पोरं हुज्जत घालतात, हाही घालतो. हुज्जत घालता घालता पोरं पास द्यायला शिकली.

मग साटम. छोटी पोरं, रांग. एका पोराची चप्पल तुटली, तो खाली बसला. साटमने तोंड उघडलं – "पाय घरी –" आणि माझ्याकडे पाहिलं. तसाच उभा राहिला, तोंड उघडं.

"बाई, दुसरं काय बोलतात हो?"

चेष्टा नव्हती. खरंच विचारत होता. मी त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात दहावीची पोरं बॅट-स्टंप घेऊन आली – "बाई, आमचं ग्राउंड!" साटम त्यांच्यात घुसला. "क्रिकेट काय खेळता, या इकडे, दम आहे का?" दहा मिनिटांत त्यांना दोन बाजूंत वाटलं, प्रत्येकाला जागा नेमून दिली. एकाने उलट उत्तर दिलं, तर साटमने दुप्पट उलट उत्तर दिलं. सगळे हसले, आणि तो पोरगा जीव तोडून धावला. मी वही मिटून बघत राहिले. चौदा-पंधराच्या पोरांसाठी हा माणूस झकास आहे! लहानग्यांसाठी अजिबात नाही.

सगळे गेल्यावर त्याला थांबवलं. पाठ केलं होतं ते बोलले. म्हटलं, साटम, पाच ऑगस्ट एकोणसत्तर, मी तुला सगळ्यांसमोर घरी पाठवलं. चुकलं माझं.

तो गोंधळला. मग हसायलाच लागला.

"मला? बाई, मला तर तुम्ही कॅप्टन केलं होतंत! तो बाळा. माझा धाकटा भाऊ. चौथीत होता."

दोन साटम! आणि मी दोघांनाही साटमच म्हणायची.

"तो कुठे असतो?"

"घरातच, वरच्या खोलीत. त्या दिवसापासून बॉलला पाय नाय लावला. आता वर्ल्ड कप लागला ना, अख्खी चाळ आमच्या टीव्हीसमोर, आणि हा गॅलरीत जाऊन बसायचा." मग म्हणाला, "आम्ही चिडवायचो त्याला. पाय मिळाले का रे? मी तर अजून चिडवतो."

सोमवार, ८ डिसेंबर

शाळा सुटल्यावर भांडुपला साटमच्या टपरीवर गेले. कार्ड दिलं – "तेरापासून वर. उत्तीर्ण." कालपर्यंत दयेने सही करणार होते, आणि तीही चुकीच्या माणसावरच्या दयेने!

त्याने कार्ड उलटसुलट केलं. "म्हणजे माझी चौदा पोरं बाहेर?"

"स्पर्धेपर्यंत सात रविवार आहेत. नंदाच्या हाताखाली शिक. जमलं तर लहानांचं कार्डही देईन."

"तिच्या? काल ऑफसाइड मला विचारत होती ती!"

"मी पण येणार आहे तिच्या हाताखाली."

त्याने एका मीटरचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "शिट्टी घरी ठेवायची ना?"

निघताना म्हटलं, बाळाला सांग...

"काय सांगू?"

"मी विचारत होते म्हणून सांग."

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी आठ. साटम उंदीर, मी उंदीर, नंदा मांजर. फाटकाशी एक माणूस पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून उभा. साटमचंच नाक, मिशी नाही. "ही जानकी. हिला खेळायचंय म्हणे." मग माझ्याकडे न बघता, "पाय शोधायला जरा वेळ लागला, बाई." गळ्यातली शिट्टी – सवयीने घातली होती – काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, मुलांवर कुणी ओरडलं की वाजव. पोरं खेळायला लागली. बाराव्या मिनिटाला जानकी बॉल सोडून वर बघत उभी राहिली. आभाळात घार होती. माझ्या तोंडून निघालंच – "अगं ए, बघतेस काय –"

शिट्टी वाजली.