लेकीच्या गावी, बाहेरचं जेवण

क्योतो, २८ मार्च
आजही ह्यांनी वैशूच्या घरी पाणी घेतलं नाही. गल्लीच्या तोंडाशी नाणं टाकलं की बाटली देणारं यंत्र आहे. सकाळी उठले की चपला घालून आधी तिथे. बाटली उशाशी. वैशू बघते. जावई कामासाठी टोकियोला, ते बरंच झालं.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही. माझ्या वडिलांनीही हे पाळलं, पण मला वर्षातच मुलगा झाला आणि त्यांचा नेम सुटला. वैशूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. गेल्या साली डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, नाही होणार. ह्यांना ते मी सांगितलं. ऐकलं आणि सोनगीरला आमच्या शेतावर निघून गेले. नेम मात्र तसाच.

मी पहिल्याच दिवशी तिच्या हातचा चहा प्याले. वर दुसरा कप मागून घेतला. देवाला काय करायचं ते करू दे.

२९ मार्च
दिवसभर भटकंती. पाय मोडलेत.

डोंगरभर शेंदरी कमानी, एकीला लागून एक. हे खालीच बसणार होते, गुडघे दुखतात म्हणे. वैशू म्हणाली, "नाना, हा भातपिकाचा देव आहे." झालं! उठले आणि आमच्या पुढे. वाटेत दगडी कोल्हे, गळ्यात लाल कापड. हे आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "आपलाकडे कोल्हा मक्का खाई जास, आठे त्यानी पूजा!"

दुपारी देवळाशेजारी टोफूचं जेवण. शाकाहारी म्हणून वैशूने मुद्दाम शोधलेलं. चटईवर मांडी घालून बसायचं, म्हणून हे खूश. मग वाट्या आल्या, एकेकीत एकेक घास. "हाई जेवण शे का परसाद?" वैशू इतकी हसली की वाढणाऱ्या बाईला वाटलं आपलंच काही चुकलं. ती वाकून माफी मागायला लागली. मग हेही वाकले. ती पुन्हा. हे पुन्हा. कितीतरी दिवसांनी असं हसलो तिघं.

परत येताना हे पुढे चालत होते. पुलावर वैशूने माझा हात धरला.
"आई, मला मूल होणार नाही. मग नाना माझ्याकडे कधीच जेवणार नाहीत का गं?"
"जुनं माणूस आहे बाई."
"म्हणूनच तर. आता किती वर्षं वाट बघू?"
रात्रीही बाहेरच खाल्लं, नूडल्स. चव कळली नाही.

३० मार्च
पहाटे जाग आली, स्वयंपाकघरात उजेड. वैशू वांगी परतत होती. ओट्यावर दुकानात मिळतात तसे पातळ लाकडी डबे, कागद, दोरी. मला बघून ओठांवर बोट. "नानांना सांगू नको. दुकानातून आणलं म्हणणार आहे."

मी कशाला सांगतेय. लसूण सोलायला बसले.

दुपारी नदीकाठी. चेरीची झाडं नुसती फुललेली, घरोघरची माणसं खाली चटया टाकून डबे खाताहेत. आम्हीही बसलो. "कोपऱ्यावरच्या दुकानातले आहेत, नाना." खोटं बोलताना हिचे कान लाल होतात, लहानपणापासून.

ह्यांनी दोरी सोडली. भात, भोपळा, वांगी. पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, ठेवला डबा खाली. वैशू मान फिरवून नदीकडे बघत राहिली.

"आठला लोके लसूण खातस का?"
"खात असतील," मी म्हटलं.

मग मान खाली घालून जेवले. सगळं. कागदाला चिकटलेली शितंसुद्धा वेचली. "दुकानवाली चांगली शे," एवढंच बोलले. वैशू हात धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही. माझं तर मन भरून आलं, नुसतं बघूनच.

घरी आल्यावर मात्र पाणी बाटलीचंच. धन्य!

३१ मार्च, विमानतळ
निघताना वैशूने एक डबा दिला. "वाटेत खा, नाना. त्याच दुकानातला आहे." ह्यांनी तो पिशवीत ठेवू दिला नाही. आगगाडीत मांडीवर, इथेही मांडीवर. मला भूक लागली. म्हटलं, उघडा आता.

"घर जाईसन खासूत. आपला घरमा."
"अहो, तोवर आंबून जाईल!"
"आंबू दे. आंडेरना हातनं शे. मी टाकाव नही."

आंडेर म्हणजे लेक. घरात हे तिला तसंच म्हणतात. मी बघतच राहिले. म्हणजे नदीवर पहिला घास घेतला तेव्हाच ओळखलं होतं? तसं विचारलंही. चष्मा काढून पुसत बसले. डोळे ओले होते, मी पाहिले.

वैशूला कळवू का? कळवलं तर पुढच्या वेळी ती उघड ताट मांडेल. आणि हे नाही बसले तर? पुन्हा मोडेल पोरगी. नाही कळवलं तर बापासाठी ती जन्मभर दुकानवालीच राहायची.

फोन हातात आहे. रांग सरकायला लागली, हे हाक मारताहेत.