ट्रेल म्हणजे ओढणे

साखरा, मे १९४८. शुक्रवार, संध्याकाळ.

दादा पहाटे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जायला निघाला. निजामाचे शिपाई त्याच्या मागावर आहेत. त्याच्या पावलांचे ठसे पुसायला वहिनीनं बाभळीची फांदी दारापासून नाल्यापर्यंत ओढत नेली. मला हायसं वाटलं. इंग्रजीचा धडा काढून बसलो, तर 'ट्रेल' या शब्दाला अडलो. कोशात पाहिलं. मूळ अर्थ ओढणे. मग ओढल्यानं मागं राहिलेली खूण. मग वाट.

खूण! तसाच बाहेर धावलो. धुळीत फांदीचे ओरखडे थेट नाल्याकडे गेलेले.

"वहिनी, मेंढरं सोडा, नाल्याकडं हाका!"

"काहून? इतक्या लवकर?"

"फांदीनं दादाची वाटच आखून दिली." तिला शब्दाचा अर्थ सांगितला.

तिनं लगेच मेंढरं सोडली. सगळा कळप त्या ओरखड्यांवरून फिरवला. दुपारी शिपाई आले, घर धुंडाळलं, नाल्यापर्यंत जाऊन परत गेले.

पण दादा पोचला का? वाटेत कुणी अडवलं तर? कोण सांगणार?

आत्ताच वहिनीनं विचारलं, "भावजी, त्या शब्दात परत येण्याचा अर्थ हाय का?"

मी पुन्हा कोश उघडला. नव्हता.

"हाय," म्हणालो.